अफवा खोटी आहे, पण हिशेब कुठे आहे?

प्रश्न : मी दहाएक वर्षं पूर्णवेळ सेवेत आहे. एका लहान मंडळीचा पाळक आहे, शिवाय संजीवन सभांना आणि तरुणांच्या शिबिरांना संदेश द्यायला बरीच बोलावणी येतात. काही महिन्यांपूर्वी कोणीतरी उठवलं, की सभांमध्ये मिळणारे प्रेमदानाचे पैसे मी दडवतो आणि समुपदेशनाच्या नावाखाली एका बहिणीला एकांतात भेटतो. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पैसे घरखर्चाला आणि सेवेलाच जातात. वही ठेवलेली नाही, कारण कोणी कधी मागितली नाही. त्या बहिणीला तिच्या घरच्या त्रासाबद्दल बोलायला दोन-तीनदा चर्चच्या ऑफिसात भेटलो, तेव्हा दुसरं कोणी तिथे नव्हतं, इतकंच. आता दोन मंडळ्यांनी ठरलेल्या सभा रद्द केल्या आहेत. येत्या रविवारी व्यासपीठावरून सगळ्यांना एकदाच खडसावून सांगावं असं वाटतं. बायको म्हणते, गप्प राहा आणि आधी स्वतःकडे बघा. तिच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. प्रवासामुळे प्रार्थना सुटली आहे, रात्री उशिरापर्यंत हातात मोबाइल असतो, संदेश जुनेच फिरवतो. कधी दुसऱ्याच्या संदेशातला प्रसंग स्वतःचा म्हणून सांगतो, पण तेवढं सगळेच करतात. माझं नाव मी परत कसं मिळवू?

— एक सेवक

उत्तर : प्रिय बंधू, सप्रेम सलाम.

रविवारचा बेत आधी रद्द करा. व्यासपीठावरचा माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. तिथे कोणी हात वर करून उलट प्रश्न विचारत नाही. ज्या आरोपाची शहानिशा व्हायला हवी तो नेमका अशा जागी नेऊन ठेवायचा, की जिथे शहानिशा होऊच शकत नाही, याला खुलासा म्हणत नाहीत. ज्यांच्या कानावर काही आलं नव्हतं त्यांना ती बातमी तुम्हीच द्याल, आणि ज्यांनी उठवलं ते म्हणतील, बघा, कसं झोंबलं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या बाकांवर ती बहीणही बसलेली असेल. तुमच्या पत्रात तुमच्या नावाची काळजी आहे, तिच्या नावाबद्दल एक अक्षर नाही. घरच्या जाचाने गांजलेली बाई मदत मागायला आली आणि लोकांच्या तोंडी गेली. तुम्ही गरजलात की सगळ्या माना तिच्याकडे वळतील. ज्या घरात तिला आधीच त्रास आहे तिथे ही कुजबुज पोचली असेल तर तिचं काय चाललं असेल, याचा विचार केलात का? मंडळीतल्या एखाद्या जाणत्या, विश्वासू बाईने लवकरात लवकर तिची विचारपूस करावी. तुम्ही जाऊ नका.

तुम्ही जायचं ते मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे. त्यांनी बोलावण्याआधी जा. काय उठलं आहे, त्यातलं खोटं काय, आणि अफवेला जागा मिळेल असं तुमच्याकडून काय घडलं, सगळं सांगा. चौकशी करा असं लेखी द्या आणि त्यांची चर्चा सुरू झाली की खोलीबाहेर या. वडिलावरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नये, असं प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलं आहे (१ तीमथ्य ५:१९). सेवकांना हे वचन तोंडपाठ असतं. लगेच पुढच्या वचनात पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यायला सांगितलं आहे, ते मात्र फारसं ऐकू येत नाही. दोन्ही एकत्र वाचली तर ती सेवकाला संरक्षण देण्यापुरती नाहीत. त्यांत चौकशीची रीत आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी चालते.

आणि कृपा करून ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे १०५व्या स्तोत्रातलं वाक्य या प्रकरणात आणू नका. तिथे राजांना दटावलं आहे, मूठभर भटक्या, परक्या कुटुंबाला छळू नका म्हणून. म्हणजे दम भरला आहे तो सत्ता असलेल्याला. आज ते वापरतं कोण, तर ज्याच्या हाती माइक आहे तो. दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या, पण अभिषिक्त राजा असलेल्या शौलावर हात टाकला नाही हे खरं. पण गुहेतून बाहेर येऊन, झग्याचा कापलेला तुकडा दाखवून, त्याने शौलाला त्याचा अन्याय मोठ्याने ऐकवला होता, हेही त्याच अध्यायात आहे (१ शमुवेल २४). पुढे दावीद स्वतः राजा झाला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला त्याचं पाप तोंडावर सांगितलं.

आता पैशाचं. ‘कोणी कधी मागितली नाही’ हे तुमचं म्हणणं खरं असेल, पण बचाव म्हणून ते पुरत नाही. पौलाचीच गोष्ट बघा. ग्रीसमधल्या करिंथ शहरात त्याने मंडळीकडून पगार घेतला नाही, तंबू शिवून पोट भरलं. तरीही तिथले लोक म्हणाले, हा धूर्त आहे, आम्हाला युक्तीने पकडलं. हात स्वच्छ असले की लोक बोलत नाहीत, असं नसतं. मला त्याच्या उत्तरात रस आहे. तो शपथा घेत बसत नाही. तो विचारतो, मी ज्यांना तुमच्याकडे पाठवलं त्यांच्यापैकी कोणी तुम्हाला लुबाडलं का? तीताने लुबाडलं का? (२ करिंथ १२:१६-१८). हे विचारायची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा होत होती, तेव्हा तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ जोडला, आणि कारण उघड लिहिलं, की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आम्हाला दोष देऊ नये. प्रभूसमोरच नव्हे, माणसांसमोरही जे योग्य त्याची आम्ही काळजी घेतो (२ करिंथ ८:१९-२१). पौलाच्या बाजूने बोलायला माणसं होती, तीही त्याची एकट्याची नव्हे, मंडळ्यांनी निवडलेली. तुमच्याकडे आज फक्त तुमचा शब्द आहे.

‘देवाला ठाऊक आहे’ असं म्हणून हिशेब टाळणारे सेवक बरेच असतात, आणि त्यातले बहुतेक प्रामाणिकच असतात. पण ज्याला हिशेब ठाऊक आहे तो देव मंडळीच्या बैठकीत येऊन आकडे वाचून दाखवत नाही. ते काम वहीचं. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली म्हातारपणी हात थकेपर्यंत स्वतःचा जमाखर्च लिहीत होते. १७९० मध्ये त्यांनी वही थांबवली आणि पुढच्या वर्षी ते वारले.

१९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मोडेस्टो या गावी सुवार्तिक बिली ग्रॅहम आणि त्यांचे तीन सहकारी एकत्र बसले. फिरत्या सुवार्तिकांचं नाव कशाकशाने जातं, याची त्यांनी यादी काढली. पैसा, स्त्रियांशी वागणूक, स्थानिक मंडळ्यांना नावं ठेवणं, आणि प्रसिद्धीसाठी आकडे फुगवणं, असे चार मुद्दे निघाले आणि त्या चारही बाबतींत कसं वागायचं ते त्यांनी ठरवून घेतलं. तरी पैशाची एक फट उरलीच होती. १९५० च्या अखेरीस अटलांटातल्या सभा संपल्यावर तिथल्या वर्तमानपत्राने दोन फोटो छापले : एकात अर्पणाच्या पैशांनी भरलेल्या थैल्या, दुसऱ्यात निरोप घेताना हसणारे ग्रॅहम. चोरी कोणी केली नव्हती. पण शेवटच्या सभेचं प्रेमदान सुवार्तिकाला द्यायची जी जुनी पद्धत होती, ती या फोटोंपुढे टिकण्यासारखी नव्हती. त्यांनी ती सोडली आणि संस्थेकडून ठरावीक पगार घ्यायला सुरुवात केली.

तुम्हीही तेच करा. प्रेमदानाचं पाकीट हातात घेणं बंद करा. बोलावणाऱ्या मंडळीने रक्कम तुमच्या मंडळीच्या कोषाध्यक्षाकडे पाठवावी, पावती घ्यावी. त्यातलं प्रवासखर्चाला किती, तुम्हाला किती, हे वडिलांनी ठरवावं आणि वर्षाच्या हिशेबात ते दिसावं. मागच्या वर्षांचं बँकेच्या नोंदींवरून, निमंत्रणपत्रांवरून जेवढं जुळवता येईल तेवढं जुळवा. जिथे जुळत नाही तिथे सरळ ‘नोंद नाही’ असं लिहा, अंदाजाने आकडा भरू नका. त्या रकमांवर कर लागतो का, हेही एखाद्या जाणकाराला विचारून घ्या.

बहिणींच्या समुपदेशनाबद्दल थोडक्यात. मोडेस्टोनंतर ग्रॅहम परक्या स्त्रीबरोबर एकटे जेवायलाही बसत नसत, आणि तो नियम पुढे अनेक सेवकांनी उचलला. नियमाचा हेतू चांगला आहे. पण काही ठिकाणी तो इतका ताणला गेला, की मंडळीतली प्रत्येक बाई म्हणजे सापळा असं सेवक वागू लागले, आणि बायकांना पाळक असून नसल्यासारखा झाला. मला हे पटत नाही. येशू शोमरोनी स्त्रीशी एकटाच बोलला, शिष्यांना त्याचं नवल वाटलं. पण जागा विहिरीची होती आणि वेळ भरदुपारची (योहान ४). तसंच ठेवा. दाराला काच असलेली खोली, ऑफिसात इतर माणसं असतील तेवढीच वेळ, भेटीची नोंद, आणि तिची इच्छा असेल तर सोबत एखादी जाणती बाई. घरात मारहाण होत असेल तर ते तुमच्या एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही, तिला प्रशिक्षित समुपदेशकाकडे आणि कायद्याच्या मदतीकडे पोचवणं हीच तिथे सेवा.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ अडखळलो. सगळ्यात जड गोष्ट तुम्ही सगळ्यात हलक्या हाताने लिहिली आहे : दुसऱ्याचा प्रसंग स्वतःचा म्हणून सांगतो, सगळेच करतात.

लोक ज्या दोन गोष्टी बोलतात त्या खोट्या आहेत. ही खरी आहे, आणि हिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. उलट ज्या संदेशांमुळे तुम्हाला बोलावणी येतात त्यांतल्या काहींना हेच प्रसंग उचलून धरत असतील. म्हणजे तुमच्या ज्या नावाला धक्का लागला म्हणून तुम्ही कळवळता, त्यातला काही भाग तुमचा नव्हताच.

इथे सरसकट बोलायचं नाही मला. दुसऱ्याच्या टीकाग्रंथातून अर्थ समजून घेणं, एखाद्याची मांडणी आवडली म्हणून वापरणं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, नाव सांगितलं की झालं. प्राचीन मंडळीचा थोर धर्मपंडित ऑगस्टिन याने तर, ज्याला चांगलं बोलता येतं पण रचता येत नाही, त्याने दुसऱ्याचा संदेश पाठ करून सांगितला तरी चालेल, असं म्हटलं आहे. जुना संदेश पुन्हा देणंही पाप नाही. फिरत्या उपदेशकांनी ते नेहमीच केलं आहे. तो तुम्हालाच शिळा लागत असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘मी स्वतः त्या आजाऱ्यासाठी प्रार्थना केली आणि तो उठून बसला’ हे वाक्य मांडणी नाही, ती साक्ष आहे. ऐकणारा माणूस तिच्या आधारावर निर्णय घेतो. कोणी औषध बंद करतं, कोणी नोकरी सोडतं, कोणी कर्ज काढून अर्पण देतं. आणि ज्याच्यापुढे हे घडलं असं त्याला वाटतं तो माणूस तिथे नव्हताच. पुनरुत्थानाबद्दल लिहिताना पौल म्हणतो, की ख्रिस्त उठलाच नसेल तर आम्ही देवाविषयी खोटे साक्षीदार ठरतो (१ करिंथ १५:१५). खोटा साक्षीदार ठरणं किती भयंकर, हे त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. ‘सगळेच करतात’ या आधाराला याकोबाने आधीच सुरुंग लावून ठेवला आहे : तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय अधिक कडक होणार (याकोब ३:१).

तेव्हा व्यासपीठावरून बोलायचंच असेल तर हे बोला. जे खोटं व्यासपीठावरून गेलं ते तिथूनच परत घ्यावं लागतं. आधी वडिलांना सांगा, दिवस त्यांना ठरवू द्या, म्हणजे अफवेच्या चौकशीशी त्याची सरमिसळ होणार नाही. त्या दिवशी अमुक संदेशातला अमुक प्रसंग माझा नव्हता, मी तो माझा म्हणून सांगितला, एवढं बोला. परिस्थितीचं वर्णन नको, रडणं नको, आणि त्यावर लगेच नवा संदेश बेतणं तर मुळीच नको. ज्या शिबिरांत तो प्रसंग सांगितलात तिथल्या आयोजकांनाही दोन ओळी लिहा. काही बोलावणी यामुळे कायमची बंद होतील, हे धरून चाला.

स्वतःला शिस्त लावण्याचं म्हणाल, तर सेवक १ करिंथाचा ९वा अध्याय उघडतात आणि थेट शर्यतीवर येतात. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी पैलवान किती गोष्टी वर्ज्य करतो हे तिथल्या लोकांना चांगलं माहीत होतं. पण शर्यतीच्या आधीचा जवळजवळ सगळा अध्याय हक्कांबद्दल आहे : खाण्यापिण्याचा हक्क, बायकोला बरोबर नेण्याचा हक्क, सुवार्तेवर उपजीविका करण्याचा हक्क. हे सगळे हक्क खरे आहेत असं पौल आधी सिद्ध करतो आणि मग म्हणतो, आम्ही हा हक्क वापरला नाही. तो शरीराला दास करून ठेवतो म्हणतो ते या सगळ्यानंतर. म्हणजे त्याची शिस्त पाप टाळण्यापाशी सुरू होत नाही, ती चालण्यासारख्या गोष्टी सोडण्यापासून सुरू होते. तुमच्या बाबतीत ती पाकिटापासून आणि बोलावण्यांपासून सुरू होईल. येणाऱ्या प्रत्येक सभेला हो म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. महिन्यात किती सभा घ्यायच्या हे वडिलांना आणि तुमच्या पत्नीला ठरवू द्या. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातली मंडळीच्या अध्यक्षाच्या गुणांची यादीही एकदा सावकाश वाचा. शिकवण्याचं कसब तिथे एका शब्दात आटोपलं आहे. बाकी सगळी जागा स्वभावाला, घराला, पैशाला आणि बाहेरच्या लोकांच्या साक्षीला दिली आहे.

प्रार्थनेसाठी पहाटे चारचा नवस करू नका. दुखावलेला माणूस मोठे नवस करतो आणि थोड्याच दिवसांत ते मोडतो, मग त्याचीही अपराधी भावना. संदेष्टा एलीया थकून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि जेवू घातलं, बोलणं नंतर झालं (१ राजे १९). रात्री मोबाइल निजायच्या खोलीबाहेर ठेवा. सकाळी तो हातात घेण्याआधी थोडी प्रार्थना आणि पवित्र शास्त्राचा असा एखादा भाग, ज्यावर तुम्हाला संदेश द्यायचा नाही. हे दुसरं कठीण जातं, कारण सेवकाला प्रत्येक वचन वाचताना त्याचे तीन मुद्दे दिसायला लागतात. अधूनमधून एखाद्या रविवारी बाकावर बसा आणि दुसऱ्याचं ऐका. मोबाइलवर उशिरापर्यंत काय असतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला सांगायची गरजही नाही. पण ते बायकोला सांगता येणार नाही असं असेल, तर एका विश्वासू माणसाला नावानिशी सांगा, आणि पुन्हा विचारायचा अधिकार त्याला द्या.

असा विचारणारा माणूस नसला की काय होतं, हे अलीकडेच सगळ्यांनी पाहिलं. ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस यांचं नाव जगभरच्या मंडळ्यांत आदराने घेतलं जाई. २०१७ मध्ये एका स्त्रीच्या तक्रारीचं प्रकरण उघड झालं तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. २०२० मध्ये ते वारले. २०२१ च्या फेब्रुवारीत, संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या अहवालात अनेक स्त्रियांशी झालेल्या लैंगिक गैरवर्तनाचे पुरावे बाहेर आले, आणि आपण त्या स्त्रीवर विश्वास ठेवला नाही हे चुकलं, असं संचालक मंडळाला जाहीर लिहावं लागलं. तुमची त्यांच्याशी तुलना करत नाही. इतकंच, की तिथे चांगलं नावच चौकशी न करण्याचं कारण बनलं होतं. तुमच्या वडिलांनी चौकशीत कडक प्रश्न विचारले तर त्यांच्यावर रागावू नका.

एवढं करूनही काही लोक पटवून घेणार नाहीत. येशूला खादाड आणि दारूबाज म्हणणारे त्याचे चमत्कार पाहूनही तेच म्हणत राहिले.

त्या दोन मंडळ्यांना फोन करून समजूत घालायला जाऊ नका. चौकशी संपेपर्यंत बाहेरची बोलावणी तुम्ही स्वतःच थांबवा, आणि ती संपली की वडिलांनीच त्यांना निष्कर्ष कळवावा, तुमची सही नको. प्रेमदान बंद झाल्यावर घर चालणार नसेल तर संकोच न करता वडिलांना आकडा सांगा. पाळकाला पुरेसा पगार द्यायचं टाळून त्याला पाकिटांवर जगायला लावणाऱ्या मंडळीचीही इथे थोडी जबाबदारी आहे. अफवा कोणी उठवली हे शोधत बसू नका.

तुमच्या पत्नीचं ‘गप्प राहा’ मला अर्धंच पटलं, व्यासपीठापुरतं. वडिलांसमोर गप्प राहून चालणार नाही. हे उत्तर आधी पत्नीला वाचायला द्या, आणि प्रेमदानाच्या जुन्या नोंदी जुळवायला त्यांनाच शेजारी बसवा. कोणत्या सभेहून काय आलं आणि कुठे गेलं, हे तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आठवत असण्याची शक्यता आहे.